हाडसांधी आणि सुश्रुताचें नांव

आयुर्वेद महासंमेलनाचा पाया वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांनीं इ. स. १९०७ मध्यें नाशिक येथें घातला. तेव्हां वैद्यकीय बाडांतील एका घोटाळ्याचा विचार या क्षेत्रीं बसून करणें अनुचित नव्हे.

मोडलेल्या हाडास हाडसांधीची वेल (कांडवेल) द्यावी, हा उपाय पुष्कळदां सुश्रुताच्या नांवावर सांगतात. परंतु सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत भग्नाचा जो तिसरा अध्याय आहे, त्यांत ही वेल नाहीं. तेथें सारा भर बंधावर आहे. वड, पिंपळ, पळस इत्यादिकांच्या सालींचे कुश लावावे. थंडींत सात व उन्हाळ्यांत तीन दिवसांनीं बंध सोडून पुन्हां बांधावा. पोटांत पहिल्या वेताच्या गाईचें दूध, तूप आणि लाख. सांधा दृढ होण्यास लहानपणीं एक महिना, मध्यम वयांत दोन, उतारवयांत तीन. हा हिशेब आजच्या शस्त्रवैद्यासही फारसा खटकणार नाहीं! शंख-प्रवाळांचीं भस्में, म्हणजे बहुतांशीं चुनाच, येथें नाहींत. उलट क्षार व लवण वर्ज्य आहेत.

हाडसांधी लाखेसह येते ती अकराव्या शतकांतील चक्रदत्तांत. तेव्हां बाडांत ती आढळल्यास, माथ्यावर सुश्रुत असला तरी, पाठ उत्तरकालीन परंपरेचा धरावा. नक्कल करतांना मात्र तें नांव गाळूं नये, कंसांत ठेवावें.