कागदावरचा झगा

जुन्या वळणाचे झगे घरी शिवून विकणाऱ्या अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या बायकांच्या धंद्याचं श्रेय बहुतेक जण शिलाई मशीनला देतात. मशीनचा वाटा मोठा आहेच. सिंगरनं १८५१ मध्ये पेटंट घेतलं आणि १८५६ पासून हप्त्यानं मशीन द्यायला सुरुवात केली, म्हणून ते सामान्य घरात शिरलं. पण मशीन फक्त शिवतं. कापड कुठे कापायचं हे बाईला सांगितलं ते कागदानं, आणि त्या कागदाची आठवण फार थोड्यांना आहे.

मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावात एबेनेझर बटरिक नावाचा शिंपी होता. मुलाचे कपडे बेतताना बायकोची होणारी ओढाताण पाहून त्याला युक्ती सुचली, असं सांगतात. १८६३ मध्ये त्यानं एकाच कपड्याचे वेगवेगळ्या मापांतले कागदी नमुने विकायला काढले. नमुने त्याआधीही मिळत, पण बहुधा एकाच मापाचे. ते अंगाबरहुकूम लहान-मोठे करणं ज्याच्या-त्याच्या हिकमतीवर होतं. आता शिंप्याकडे उमेदवारी न केलेली बाईसुद्धा शेजारणीचा झगा बेतू लागली आणि त्याचे पैसे घेऊ लागली.

जुना नमुना हातात घेतला तर आधी गोंधळायला होतं. पातळ, तपकिरी कागद, आणि त्यावर एक अक्षर नाही. नुसती भोकं. कापडाचा उभा धागा कुठून धरायचा, टक कुठे घ्यायचा, हे त्या भोकांवरूनच ओळखायचं. छापील रेघांचे नमुने मॅकॉल कंपनीनं १९२० च्या सुमारास आणले.

मग युद्ध आलं. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशन लागलं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं, आणि एका लोकरी झग्याला त्यातली ११ जायची. जुने कपडे उसवून नवे करण्याचं कसब तेव्हा घरोघर पणाला लागलं. हे रेशन १९४९ पर्यंत टिकलं. म्हणूनच १९४७ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये ख्रिश्चन डिओरनं बारीक कंबर आणि भरघोस घेराचे झगे दाखवले, तेव्हा कुणी हरखलं, तर कुणी कापडाच्या उधळपट्टीवर संतापलं.

तोच घेर १९५२ मध्ये बटरिकच्या ‘वॉक-अवे’ झग्यातून मध्यमवर्गीय घरात पोचला. पुढचा भाग अंगासरशी, मागचा मोठ्या घेराचा. तो घेर दोन्ही बाजूंनी पुढे आणून कमरेशी बटणं लावायची. कडांना तिरप्या कापडाची पट्टी. सकाळी शिवायला घ्यावा आणि दुपारी घालून जेवायला बाहेर पडावं, अशी त्याची ख्याती होती. इतकी हुशार कापणी क्वचितच पाहायला मिळते.

आज तसा झगा विकायला शिवणारीची खरी कसोटी मापात आहे. त्या काळचा १४ नंबर म्हणजे छाती ३२ इंच. १९६० च्या दशकाअखेरीस नंबर बदलले आणि तोच १४ नंबर ३६ इंचांचा झाला. नुसत्या नंबरावर विसंबून कापड कापलं तर आत कितीही माया सोडलेली असो, झगा अंगात शिरत नाही. शिवाय नमुन्यांच्या अनेक पाकिटांवर ते घरगुती वापरापुरतेच असल्याचं छापलेलं असतं. त्यामुळे विक्रीसाठी शिवणाऱ्या कित्येक जणी जुन्या कपड्यांचा बेत नीट अभ्यासून स्वतःचे नमुने आखतात आणि प्रत्येक झग्यासोबत नंबराऐवजी छाती, कंबर आणि उंची इंचांत लिहितात.