मूठभर वर्गणी आणि पंधरा लक्ष रुपये

कोणत्याही जुन्या वाचनालयात पाऊल टाकताच नजर जाते ती देणगीदारांच्या नामफलकाकडे. मोठ्या रकमा तेथे संगमरवरावर कोरलेल्या असतात. दरमहा वर्गणी भरणाऱ्यांची नावे मात्र पावतीपुस्तकातच राहतात. सार्वजनिक संस्था या दोहोंपैकी कोणाच्या बळावर उभ्या राहतात? या प्रश्नाचा विचार करताना महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या कार्याचा इतिहास उद्बोधक ठरतो.

१८९६ साली कर्वे यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन केला, तेव्हा स्वतःच्या शिलकेतील एक हजार रुपये त्यांनी प्रथम दिले. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणाऱ्या गृहस्थाला ही रक्कम लहान नव्हती. ज्याने आधी आपली गाठ सोडली, त्यालाच इतरांपुढे हात पसरण्याचा अधिकार प्राप्त होतो. पुढे रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथे सहा एकर जमीन दिली आणि १९०० साली तेथे एक साधी झोपडी उभी राहिली. महाविद्यालयातील काम आटोपून कर्वे पायी हिंगण्यास जात, आणि सुट्टी लागली की निधीसाठी गावोगाव हिंडत. विधवांच्या शिक्षणाला प्रतिकूल असलेल्या समाजात रुपया मागणे म्हणजे मतपरिवर्तन मागणेच होते.

थेंबे थेंबे साचवण्याचा हा मार्ग त्या काळी इतरांनीही चोखाळला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. पैसा देणारा प्रत्येक जण त्या कारखान्याचा हितचिंतक झाला, ही त्या योजनेची खरी कमाई होय.

१९१६ साली कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापिले, तेव्हा दरसाल ठरावीक वर्गणी देणाऱ्यांना त्याच्या मतदारसंघात स्थान ठेविले. वर्गणीदार हा केवळ पैसे देणारा नव्हे, तर कारभारात मत असणारा, ही दृष्टी त्यामागे होती. त्यानंतर चार वर्षांनी, १९२० साली, सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव विद्यापीठास देण्यात आले. एक हजारापासून पंधरा लक्षांपर्यंतची ही वाटचाल चोवीस वर्षांची आहे. मोठा दाता संस्थेला विश्वासार्ह करीत नाही. लहान दात्यांनी विश्वासार्ह ठरविलेल्या संस्थेकडे तो येतो.

मात्र एवढ्याने चिंता मिटली नाही. देणगीस अटी होत्या आणि विद्यापीठास मिळे ते तिचे वार्षिक उत्पन्न. सत्तरी गाठलेले कर्वे १९२९ पासून १९३२ पर्यंत युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिका येथे आपल्या कार्याची माहिती देत फिरले व निधीही जमवीत राहिले. सर विठ्ठलदास त्याआधीच निवर्तले होते. पुढे अटींच्या अर्थावरून त्यांचे विश्वस्त आणि विद्यापीठ यांच्यात मतभेद होऊन वार्षिक रक्कम काही काळ थांबली. अखेर समेट झाला आणि १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य ठाणे मुंबईस गेले. एकाच मोठ्या हाताचा आधार कितीही उदार असला, तरी तो सुटला असता संस्थेने आपल्या पायांवर उभे राहावयास हवे, हा धडा त्यातून मिळतो.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सामाजिक कार्यासाठी नफ्यातील दोन टक्के खर्चण्याचे बंधन घातले. त्यामुळे संस्थाचालकांचे लक्ष साहजिकच त्या दारांकडे लागते. तेथे अवश्य जावे. परंतु शंभर वर्षांचा हिशेब मांडताना पावतीपुस्तकातील नावेही मोजावीत. ज्या वर्षी एखादा जुना वर्गणीदार न सांगता नाव काढून घेतो, त्या वर्षी संस्थेच्या खात्यातून काही रुपयेच नव्हे, एक माणूस वजा होतो. नामफलक पाहून ग्रंथालयाची श्रीमंती कळते. त्याचे आयुष्य मात्र पावतीपुस्तकात लिहिलेले असते.