घोड्यावरून चढायचा मनोरा : सेव्हियाची हिराल्दा आणि पळवून नेलेल्या घंटा

आजचा भाग जरा वेगळा आहे. लढाई आहे, राजे आहेत, भूकंप आहे, पण सुरुवात माझ्या बाबांच्या गुडघ्यापासून करावी लागेल.

तर झालं असं की ऑफिसच्या कामासाठी मला काही आठवडे माद्रिदला राहावं लागलं. शेवटच्या आठवड्यात आई-बाबांना तिकडे बोलावून घेतलं. बाबांचा उजवा गुडघा गेली पाच वर्षं कुरकुरतोय. युरोपात कुठल्याही जुन्या चर्चच्या मनोऱ्यावर जायचं म्हणजे गोल गोल फिरणारा अरुंद दगडी जिना. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी एकच सीन. आई आणि मी वर, बाबा खाली बाकावर पिशव्या सांभाळत. 'तुम्ही जाऊन या रे, मी बघतो लोकांची गंमत.' असं तीन वेळा झालं. चौथ्या वेळी, सेव्हियाला, मी तिकिटं काढताना गप्प बसलो आणि आत गेल्यावर सांगितलं, 'बाबा, इथे जिना नाहीये.'

खरंच नाहीये. सेव्हिया हे स्पेनच्या दक्षिणेतलं, आंदालुसिया भागातलं मोठं शहर. तिथल्या कॅथीड्रलच्या घंटाघराचं नाव हिराल्दा. उंची साधारण १०४ मीटर. घंटांच्या मजल्यापर्यंत जायला आत एकापुढे एक असे ३५ चढाव आहेत. आपल्याकडे मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी वर नेतो ना, तसा उतरता रस्ता चौकोनात वळत वळत वर जातो. प्रत्येक वळणावर भिंतीवर आकडा लिहिलेला असतो. १, २, ३... शेवटी फक्त १७ पायऱ्या. तेवढ्याच.

मग हा रस्ता केला कशाला? बाबांसारख्या पर्यटकांसाठी तर नक्कीच नाही. त्यासाठी आपल्याला ११८४ सालात जावं लागेल.

त्या वेळी सेव्हियाचं नाव होतं इश्बिलिया. राज्य होतं अल्मोहाद खलिफांचं. मोरोक्कोतल्या ॲटलास डोंगरांतून वर आलेलं हे बर्बर घराणं. त्यांच्या राज्याची एक टांग आफ्रिकेत आणि एक स्पेनमध्ये. खलिफा अबू याकूब युसूफ याने ११७२ मध्ये इथे नवी मोठी मशीद बांधायला घेतली. वास्तुकार होता अहमद इब्न बासो. मशीद उभी राहिली, मग ११८४ मध्ये मिनाराचं काम सुरू झालं. आणि त्याच वर्षी खलिफा पोर्तुगालमधल्या सांतारेमच्या मोहिमेत जखमी होऊन मेला. काम ठप्प. क्लायंट गेला की प्रोजेक्टचं जे होतं, तेच.

चार वर्षांनी त्याच्या मुलाने, अबू युसूफ याकूब अल-मन्सूरने, काम पुन्हा सुरू करवलं. आता मनोऱ्याजवळ उभं राहिलात तर एक गोष्ट लगेच दिसते. खालचा भाग दगडाचा आहे आणि वरचा सगळा विटांचा. पायाला जुन्या इमारतींचे दगड वापरलेत. काही दगडांवर तर लॅटिन अक्षरं कोरलेली दिसतात, म्हणजे ते रोमन काळातले. वरचं विटांचं काम अली अल-गुमारी नावाच्या कारागिराचं. त्या विटांमध्ये जाळीसारखी नक्षी आहे, उन्हात ती मधाच्या रंगाची दिसते. थोडक्यात, मशिदीचा मिनारही पहिल्यापासून कुणाच्या तरी आधीच्या दगडांवरच उभा होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता चढाव. रचना अशी आहे, की एका मनोऱ्याच्या आत दुसरा मनोरा. आतल्या मनोऱ्यात एकावर एक सात खोल्या. बाहेरची भिंत आणि आतला मनोरा यांच्या मधल्या जागेतून हा रस्ता फिरत वर जातो. म्हणजे रस्ता दोन्ही भिंतींना बांधून ठेवतो, आणि सगळी इमारत एकसंध होते. मी काही सिव्हिलवाला नाही, कॉम्प्युटरवाला आहे, पण एवढं मलाही कळलं. आणि अजान द्यायला दिवसातून पाच वेळा वर जायचं असतं! रस्ता इतका रुंद आहे, की जनावरावर बसून वर जाता येईल. त्याच काळातल्या इब्न साहिब अल-सला या इतिहासकाराने लिहून ठेवलंय, की इथे जिना नाही, माणसं आणि जनावरं जातील असा रस्ता आहे. माराकेशच्या कुतुबिया मशिदीचा मिनार आणि रबातचा अर्धवट राहिलेला हसन मनोरा हे याचे भाऊच. त्यांच्यातही आत असेच चढाव आहेत.

११९५ मध्ये अलार्कोसच्या लढाईत अल-मन्सूरने कॅस्टिलच्या ख्रिस्ती राजाला हरवलं. त्या विजयानंतर मिनाराच्या टोकावर सोन्याचा मुलामा दिलेले चार मोठे गोळे बसवले. ११९८ च्या मार्चमध्ये काम पूर्ण. ते गोळे कित्येक मैलांवरून चमकताना दिसायचे म्हणतात.

बरोबर पन्नास वर्षं. मग पारडं फिरलं.

कॅस्टिलचा राजा तिसरा फर्नांदो याने १२४७ च्या उन्हाळ्यात शहराला वेढा घातला. नदीतून जहाजं आणून शहराचा नावांचा पूल तोडला, रसद बंद केली. २३ नोव्हेंबर १२४८ ला शहर शरण आलं. अट काय होती? मुसलमान रहिवाशांनी एक महिन्यात शहर सोडून जायचं. घर, दुकान, बाग, कबरी सगळं मागे ठेवून. डिसेंबरात फर्नांदो आत शिरला तेव्हा रस्ते रिकामे होते.

इथे एक कथा सांगतात. शरण येताना लोकांनी विनंती केली, की मशीद आणि मिनार आम्हाला पाडून टाकू द्या, दुसऱ्याच्या हाती जाऊ देऊ नका. तेव्हा राजपुत्र आल्फोन्सो म्हणाला, मनोऱ्याची एक वीट जरी हलली तरी सगळ्यांना तलवारीखाली घालीन. कथा खरी असो-नसो, मला त्यातलं उलटंपालटं फार लागलं. ज्यांनी बांधला त्यांना पाडायचा होता, आणि ज्यांनी जिंकला त्यांना तो जपायचा होता. प्रेम दोघांचंही होतं, पण कुठलं खरं म्हणायचं?

मशिदीलाच कॅथीड्रल म्हणून वापरायला सुरुवात झाली. तसं दीडशे वर्षं चाललं. चौदाव्या शतकात भूकंप झाला आणि ते सोनेरी गोळे खाली आले. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला चर्चवाल्यांनी ठरवलं, की आता आपलं असं नवं बांधायचं. मशीद पाडली आणि जगातलं सगळ्यात मोठं गॉथिक कॅथीड्रल उभं केलं. ते १५०६ मध्ये पूर्ण झालं. कोलंबसची समाधीही तिथेच आहे. पण दोन गोष्टी पाडल्या नाहीत. एक म्हणजे संत्र्याच्या झाडांचं अंगण, जिथे नमाजाआधी हातपाय धुवायचे. आणि दुसरा हा मनोरा.

१५५८ ते १५६८ या दहा वर्षांत एर्नान रुईस नावाच्या वास्तुकाराने जुन्या मिनाराच्या डोक्यावर नवं घंटाघर चढवलं. टोकावर ब्राँझची एका स्त्रीची मूर्ती बसवली, विजयी श्रद्धेचं प्रतीक म्हणून. हातात ढालीसारखं पातं. वारा आला की ती फिरते. म्हणजे ती खरं तर वातकुक्कुट! स्पॅनिशमध्ये फिरणं म्हणजे 'हिरार', त्यावरून हिराल्दा. आधी हे नाव मूर्तीचं होतं, मग सगळ्या मनोऱ्याचं झालं, आणि मूर्तीला लाडाने हिराल्दियो म्हणायला लागले. १७५५ मध्ये लिस्बनचा महाभयंकर भूकंप झाला, त्यातही मनोरा टिकला.

तर बाबा चढायला लागले. पहिले दहा चढाव गप्पा मारत. पंधराव्याला एका खिडकीत थांबले. विसाव्याला मला म्हणाले, 'अरे, घोडा मिळतो का बघ.' तिशीनंतर रस्ता थोडा अरुंद होतो, गर्दीही होती, पण एक एक आकडा मोजत ते आले. शेवटच्या १७ पायऱ्या माझ्या खांद्यावर हात ठेवून.

वर चारही बाजूंच्या कमानींत घंटा लटकलेल्या. एकूण २४. प्रत्येकीला नाव आहे, सगळ्यात मोठी सांता मारिया. काही घंटांना वर लाकडाचा जाड तोलभार असतो आणि वाजताना त्या पूर्ण गोल फिरतात. खाली शहर, संत्र्यांचं अंगण, नदी. आम्ही पोहोचलो आणि तेवढ्यात एक वाजली. आई दचकलीच. बाबा मात्र हसून ओरडले, 'नारोशंकराची घंटा!'

आता जे नाशिकचे आहेत त्यांना कळलं असेल. आम्ही पंचवटीतले. आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं, की हीच उपमा. गोदावरीच्या काठावर नारोशंकराचं देऊळ आहे, नारोशंकर राजेबहादरांनी १७४७ मध्ये बांधलेलं. त्याच्या दारावर नदीकडे तोंड करून एक मोठी घंटा आहे. लहानपणी पूर आला की आम्ही पाणी बघायला जायचो. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं का, छातीला लागलं का, आणि मग नजर त्या घंटेकडे.

ती घंटा कुठून आली, हे मात्र मी कधी विचारलंच नव्हतं. ती वसईहून आली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला. त्या भागातल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी सरदारांनी नेल्या आणि देवळांत बांधल्या. भीमाशंकरला शनीच्या देवळासमोर एक आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्याच्या घाटावर एक आहे, तिच्यावर १७०७ साल आणि बाळाला घेतलेली मेरी दिसते. आपण ट्रेकवरून येताना तिच्यासोबत सेल्फी काढतो. आणि निघतो.

हे फक्त आपल्याकडेच झालंय असंही नाही. ९९७ मध्ये कोर्दोबाच्या अल-मन्सूरने (हा वेगळा, जुना) स्पेनच्या उत्तरेतल्या सांतियागोवर स्वारी केली. तिथल्या चर्चच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यावरून कोर्दोबाला नेल्या आणि मशिदीत उलट्या टांगून दिवे केले. १२३६ मध्ये कोर्दोबा घेतलं कुणी? याच तिसऱ्या फर्नांदोने. त्याने त्या घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यावरून परत सांतियागोला पाठवल्या. मोरोक्कोत फेस शहराच्या अल-करवियीन मशिदीत घंटांचे केलेले दिवे आजही लटकतात.

मी हिराल्दाचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला होता. खाली उतरेपर्यंत वीस मेसेज. एक काका म्हणाले, 'बघा, मिनारावर घंटा, शिकायला पाहिजे यांच्याकडून.' एका चुलतभावाने उलट लिहिलं, 'लाज वाटायला पाहिजे त्यांना.' आणि मग तुम्हाला माहितीये काय झालं असेल ते.

मी बाबांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते संत्र्याच्या झाडाखाली गुडघा चोळत बसले होते. म्हणाले, 'वसईत पोर्तुगीजांनी देवळं पाडली, लोक बाटवले, हे खरंच आहे. चिमाजी अप्पांनी वसई घेतली याचा मला अभिमान आहे, राहणार. पण ती घंटा ज्यांच्या लग्नाला, मयताला वाजायची, ती माणसं कुठे पोर्तुगालला गेली? ती इथलीच. मराठीच बोलतात. इतकी वर्षं ती घंटा बघितली, त्यांचा विचारच नाही आला रे.'

माझ्याकडे याच्यावर उत्तर नव्हतं. घंटा परत करा असं बाबा म्हणत नव्हते, मीही म्हणत नाहीये. हिराल्दावरचं घंटाघर उतरवा असंही कुणी म्हणत नाही. ते उतरवलं तर खाली मिनार उरेल, मिनार खणला तर रोमन दगड. कुठे थांबणार? पण सेव्हियाला एक गोष्ट बरी वाटली. तिथे तिकिटासोबतच्या माहितीत मिनार कुणी बांधला ते लिहिलेलं होतं, वास्तुकाराच्या नावासकट. शहर सोडून गेलेल्यांचं काम त्यांच्या नावावर ठेवलेलं आहे. तेवढं तरी आपण करू शकतो ना?

परत आल्यावर बाबा आणि मी नाशिकला नारोशंकराच्या देवळात गेलो. घंटेखाली एक शाळकरी मुलगा उभा होता. त्याने बाबांना विचारलं, 'आजोबा, ही एवढी मोठी घंटा कुणी बनवली?' बाबांनी त्याला पायरीवर बसवलं आणि वसईपासून सुरुवात केली. चांगला अर्धा तास लावला. मी मागे उभा राहून ऐकत होतो, आणि हा भाग तिथेच ठरला.

तुमच्या गावात, आसपासच्या देवळात अशी एखादी घंटा असेल तर जवळ जाऊन बघा. तिच्यावर कुठलं साल आहे, काय कोरलंय, गावातली म्हातारी माणसं काय सांगतात, ते मला व्हॉइस नोटने पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवीन. तोपर्यंत काळजी घ्या, आणि घरातल्यांच्या गुडघ्यांची पण घ्या. भेटू!