तीन आकड्यांपैकी कोणता धरायचा?

नियंत्रण प्रणालींचा अभ्यास बहुधा पीआयडी (प्रपोर्शनल-इंटिग्रल-डेरिव्हेटिव्ह) नियंत्रकाच्या सूत्रापासून सुरू होतो. सूत्रात शिरणारा आकडा खरा आहे, हे तिथे गृहीतच असते. तो कोणत्या सेन्सरकडून आला आणि इतरांना डावलून सॉफ्टवेअरने त्यालाच का निवडले, हा प्रश्न मागे राहतो. वाचकांनी या प्रश्नापाशी थोडे रेंगाळावे, एवढ्यासाठी हा प्रपंच.

औष्णिक वीजकेंद्रातल्या बॉयलरचा ड्रम घ्या. त्यातले पाणी फार उतरले तर नळ्या जळतात. फार चढले तर वाफेबरोबर टर्बाइनकडे जाते. म्हणून पातळी मोजायला तीन ट्रान्समीटर बसवतात. समजा, दोन ५० टक्के दाखवतात आणि तिसरा बिघडून ०. सरासरी सुमारे ३३ येते आणि नियंत्रक नको असताना पाणी वाढवू लागतो. तिन्हींतला मधला आकडा उचलला, तर ५०च हाती येतात. युक्ती सुंदर आहे, पण तिसरा बाद झाल्यावर उरलेल्या दोघांत मतभेद झाला, तर चूक कोणाची हे नुसत्या आकड्यांवरून ठरत नाही. शिवाय एका सिग्नलवरून दुसऱ्यावर जाताना व्हॉल्व्हला हिसका बसू नये, याचीही तजवीज लागते.

निवडीच्या नियमात वेळ किती नाजूक असते, हे ७ ऑक्टोबर २००८ रोजी दिसले. सिंगापूरहून पर्थला निघालेल्या एअरबस ए३३०च्या एका संगणकाकडून समोरून येणाऱ्या हवेशी विमान करत असलेल्या कोनाचे (अँगल ऑफ अटॅक) चुकीचे आकडे अधूनमधून उसळून येत होते. अशी उसळी दिसली, की सॉफ्टवेअर आधीचा आकडा १.२ सेकंद धरून ठेवी. ती मुदत संपताक्षणीच दुसरी उसळी आली आणि खरी मानली गेली. विमानाचे नाक एकाएकी खाली झुकले. शंभराहून अधिक जण जखमी झाले. एरवी तोच नियम नीट काम करत होता, म्हणून हे प्रकरण मला फार मोलाचे वाटते.

नवख्या वाचकांनी गणिताला घाबरू नये. आधी प्रत्येक सेन्सर कसकसा चुकू शकतो, याची यादी करा: गोठेल, अडकेल, हळूहळू सरकेल, उसळेल. मग तिन्ही ट्रान्समीटर एकाच नळीवर तर बसवलेले नाहीत ना, हे आराखड्यात पाहा. ती नळी तुंबली, तर तिघेही एकच चूक सांगतील आणि मधला आकडाही चुकीचाच निघेल.