सत्तावीस वर्षांचीं दोन आयुष्यें

थेऊर येथें गणपतीच्या सान्निध्यांत १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थोरल्या माधवराव पेशव्यांनीं देह ठेवला. जळगांवनजीक भादली स्टेशनावर ५ मे १९१८ रोजीं त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवि, रूळ ओलांडतांना आगगाडीच्या अपघातांत गेले. एक राज्यकर्ता, दुसरा कवि. मध्यें जवळजवळ दीडशें वर्षांचें अंतर. वय मात्र दोघांचेंहि सत्तावीस. पेशव्यांचा जन्म फेब्रुवारी १७४५ मधला, कवीचा १३ ऑगस्ट १८९० चा; हिशेब मांडला तर दोघांच्या आयुर्मानांत पंधरवड्याचाहि फरक पडत नाहीं.

माधवरावांना पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं तीं जुलै १७६१ मध्यें, वयाच्या सतराव्या वर्षीं. पानिपतावर वडील बंधु विश्वासराव पडलेले, त्या दुःखानें वडील नानासाहेब खचून गेलेले, राज्यावर कर्ज, आणि घरांत राघोबादादांसारखे चुलते! १७६२ मध्यें आळेगांवीं या चुलत्यांपुढें त्यांनीं आपण होऊन माघार घेतली. तरुण रक्ताला असा अपमान गिळणें सोपें नसतें. परंतु घर फुटलें तर निजाम टपलेलाच होता. पुढच्याच वर्षीं राक्षसभुवनावर त्याच निजामाचा त्यांनीं पराभव केला. पुढें १७६८ मध्यें धोडपला दादांना कैद करून शनिवारवाड्यांत ठेवावें लागलें. हैदरावरच्या स्वाऱ्या चालू असतांनाच क्षयानें शरीर पोखरलें. १७७२ च्या आरंभीं मराठी फौजांच्या आश्रयानें बादशहा शहाआलम दिल्लींत परतला, तेव्हां ज्याच्या कारकीर्दींत हें घडलें तो पुरुष मरणाच्या वाटेला लागला होता.

बालकवींची कहाणी थोडक्यांत सांगतां येते. घटना अशा फारशा नाहींतच. धरणगांवीं जन्म, १९०७ च्या जळगांवच्या कविसंमेलनांत ‘बालकवि’ हें नांव, नगरास रेव्हरंड टिळकांच्या घरचा आश्रय, शाळांतून शिक्षकी. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त हा लहरी मुलगा अजून भेटतो. ‘फुलराणी’ लिहिणाऱ्याच्या हातूनच ‘औदुंबर’हि उतरली, आणि ती अवघ्या आठ ओळींची! कांहीं कविता अपुऱ्या राहिल्या. निरवानिरव करण्यास त्याला एक क्षणहि मिळाला नाहीं.

पण खरें पाहतां त्याला निरवानिरव करण्यासारखें होतें तरी काय? पुरी झालेली कविता कोणाच्या हवालीं करावी लागत नाहीं. पेशव्यांचें तसें नव्हतें. ग्रँट डफसारख्या परक्या इतिहासकारानेंहि या मृत्यूची हानि पानिपताहून कमी मानली नाहीं, आणि तें यथार्थच आहे. मृत्यूनें माधवरावांना अवधि दिला होता, आणि त्यांनीं तो वायां घालविला नाहीं. थेऊरला अंथरुणावर असतांना कर्ज फेडण्याची व्यवस्था सांगितली, दादांना जवळ बोलावलें, आणि धाकटे बंधु नारायणराव यांना त्यांच्या पदरीं घातलें. आयुष्यभर ज्यांच्याशीं झगडावें लागलें त्यांच्याच हातीं भावाला सोंपवितांना त्या मनाला काय वाटलें असेल! दुसरा इलाज नव्हता. रमाबाई तेथेंच सती गेल्या.

सारी दक्षता साडेनऊ महिने टिकली. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणरावांना ठार मारलें. त्यांचें वय तेव्हां अठरा वर्षांचें होतें.