शुक्रवारचे अडीच तास

१/८ लोकसभेत उद्या काय होणार, हे आदल्या दिवसापर्यंत कागदावर आलेले असते. त्या कागदाला ‘कार्यावली’ म्हणतात. तीत ज्या विषयाला जागा मिळत नाही, त्यावर सभागृहात सहसा चर्चाही होत नाही. आजचा धागा या कागदाविषयी.

२/८ सरकारी कामकाजाचा क्रम अध्यक्ष सभागृहनेत्यांशी सल्लामसलत करून लावतात. कोणत्या विधेयकाला किती तास द्यावेत, याची शिफारस कामकाज सल्लागार समिती करते. तीत अध्यक्षांसह १५ सदस्य असतात, विरोधी पक्षांचेही.

३/८ ही समिती प्रथम नेमली गेली १४ जुलै १९५२ रोजी. तेव्हा अध्यक्ष होते ग. वा. मावळंकर, घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, कर्मभूमी अहमदाबाद. मुंबई विधानसभेच्या अध्यक्षपदाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. वेळेची वाटणी सर्व पक्षांनी एकत्र बसून करावी, हे या रचनेमागचे तत्त्व.

४/८ तरीही बहुतेक वेळ सरकारी कामकाजाचाच. मंत्री नसलेल्या सदस्यांना नियमाने मिळतात शुक्रवारचे शेवटचे अडीच तास. एका शुक्रवारी विधेयके, दुसऱ्या शुक्रवारी ठराव. कोणाचे विधेयक आधी, हे चिठ्ठ्या टाकून ठरते. त्या दिवशी पाळी आली नाही, तर पुन्हा चिठ्ठीच्या नशिबावर.

५/८ या चिंचोळ्या वाटेने आलेला एक कायदा १९५६ चा. संसदेतील कामकाजाचा खरा वृत्तान्त द्वेषबुद्धी न ठेवता छापणाऱ्या वृत्तपत्रावर खटला चालू नये, ही त्यातली तरतूद. विधेयक मांडले होते फिरोज गांधी यांनी. ते सत्ताधारी पक्षाचे, पण मंत्री नव्हते.

६/८ आणीबाणीत हा कायदा रद्द झाला. १९७७ मध्ये सत्तांतरानंतर तो नव्याने संमत करावा लागला. अडीच तासांच्या त्या वाट्यातून काय निपजू शकते, याचा हा पुरावा.

७/८ मात्र १९५२ पासून अशी केवळ १४ विधेयके कायद्यात उतरली. त्यांतले शेवटचे १९७० मध्ये. बाकीच्यांपैकी बहुतेकांवर मतदान झालेच नाही. पाळी येण्याआधीच लोकसभेची मुदत संपली आणि ती व्यपगत झाली.

८/८ म्हणून संसदेचा इतिहास वाचताना मतांच्या आकड्यांपाशी थांबू नये. त्या दिवसाची कार्यावलीही काढून पाहावी. काय चर्चेला आले ते तीत दिसेलच. काय आलेच नाही, त्याचा शोधही तिथूनच सुरू होतो.