पोलाद, बंदर आणि कोनासमुद्रम

हिंगोलीहून पहाटे निघालात तर दुपारपर्यंत कोनासमुद्रमला पोहोचाल. वाट नांदेड, नायगाव, बिलोलीवरून. मांजरा ओलांडली की पाट्यांवरची लिपी बदलते. मग बोधन, निजामाबाद, आर्मूर. इथं किल्ला किंवा लेणी बघायला यायचं नाही. बघायचं ते पायाखाली असतं: भट्ट्यांचा काळा कीट आणि फुटक्या मुशींची खापरं.

‘दमास्कसच्या’ म्हणून गाजलेल्या तलवारींना, ज्यांच्या पात्यावर पाण्यासारखी नक्षी दिसते त्यांना, याच जातीचं पोलाद लागे. नाव लागलं ते दूरच्या बाजारपेठेचं.

हेन्री वॉयसी हा सर्वेक्षण खात्यातला डॉक्टर आणि भूवैज्ञानिक १८२०च्या सुमारास इथं आला. त्याचं टिपण छापलं गेलं १८३२ साली, तो गेल्यावर. दोन ठिकाणचं लोखंड तीनास दोन या प्रमाणात मुशीत घालायचं, सोबत काचेसारख्या मळीचे तुकडे, मग तोंड मातीनं लिंपायचं आणि दिवसरात्र भाता चालवायचा. लोखंडात दीडेक टक्का कार्बन मुरला की ते कमी उष्णतेवर वितळतं. म्हणून कोळशाच्या भट्टीत हे जमून येई. त्याच काळात लंडनमध्ये मायकेल फॅरेडे हिंदुस्थानी पोलादाचे तुकडे तपासत होता. त्याला संशय आला ॲल्युमिनाचा. कारागिरांना रसायनशास्त्राची भाषा ठाऊक नव्हती, पण मापं चोख होती.

वॉयसीला इथं इस्फहानचा हाजी हुसेन हा व्यापारी भेटला. असं पोलाद इराणात करून पाहिलं होतं, साधलं नाही, म्हणून तो इतक्या लांब येई. तेलुगूत पोलादाला ‘उक्कु’ म्हणतात. आपण म्हणतो ‘पोलाद’, आणि हा शब्द फारसी. वस्तू शेजारच्या लोहाराची, शब्द मात्र गिऱ्हाइकाचा!

समुद्र गाठायला एक दिवस पुरणार नाही. गोवळकोंडा राज्याचं मोठं बंदर मछलीपट्टणम. इंग्रजांनी तिथं १६११ साली वखार घातली. डच त्याआधीच आले होते. तेलंगणातलं लोखंड-पोलाद या किनाऱ्यावरून जहाजात चढे. आजही तिथले लोक शहराला नुसतं ‘बंदर’ म्हणतात. हाही शब्द फारसीच. १८६४च्या चक्रीवादळात तिथं सुमारे तीस हजार माणसं गेली. आता शहराची ओळख कलमकारी आणि ‘बंदर लाडू’. लाडू खाऊनच या.

हिंगोली आणि कोनासमुद्रम १९४८पर्यंत एकाच निजामी राज्यात होती. १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, ते गाव आंध्र प्रदेशात राहिलं. माझ्या मते आपल्या सहलींच्या यादीतून ते तेव्हाच गळलं.

गेलात तर खापर खिशात टाकू नका, फोटो काढा. आतल्या काचेसारख्या थरावरून वितळलेला रस कुठवर चढला होता ते कळतं. शारदा श्रीनिवासन आणि गिल जुलेफ यांच्यासारखे अभ्यासक अशा तुकड्यांवरूनच भट्ट्यांचा माग काढतात.